अकरा कॅसेट, दोन हार्डी आणि नौपाड्यातील एक दुकान

जुन्या व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून देणाऱ्या ज्या दुकानाविषयी मी लिहीत आहे, ते ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. गोखले रस्त्यावरून आत वळल्यावर चार मिनिटे चालावे लागते. दारावरची पाटी अजूनही 'लग्न, मुंज, बारसे : व्हिडिओ शूटिंग' असेच सांगते, त्यामुळे आत नेमके कोणते काम चालते हे बाहेरून कळत नाही. दुकानाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. माझ्या अनुभवात तक्रारीचा भाग आधी घडला आणि समाधानाचा नंतर, आणि पहिले अर्धे वाचूनच कोणी मत बनवून टाकावे अशी माझी इच्छा नाही.

आमच्या घरच्या अकरा कॅसेटपैकी दहांवर माझ्या थोरल्या भावाने १९९४ ते २००१ या काळात केबलवरून ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या अमेरिकन कुस्त्या होत्या. ज्या संस्थेला आज डब्ल्यूडब्ल्यूई म्हणतात, ती तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफ होती. पांडा हे बोधचिन्ह असलेल्या वन्यजीव संस्थेबरोबरच्या न्यायालयीन वादानंतर २००२ मध्ये तिने नाव बदलले. दादाने प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर निळ्या शाईने मजकूर लिहून खाली 'पुसू नये' अशी सूचना दिली होती. हीच सूचना त्याने अकराव्या कॅसेटच्या बाबतीत मात्र पाळली नव्हती. ती माझ्या मुंजीची कॅसेट होती. पुन्हा मुद्रण होऊ नये म्हणून तिच्या कडेची प्लॅस्टिकची चकती शूटिंगवाल्याने तोडलेली होती, आणि दादाने त्या भोकावर सेलोटेप लावून मातृभोजनानंतरच्या सगळ्या भागावर कुस्ती चढवली होती. या कामासाठी दुकानात गेलो तेव्हा मालकांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "मुंज ठेवायची आहे की कुस्ती?" मी दोन्ही म्हणालो.

मला प्रामुख्याने हवे होते ते मॅट आणि जेफ हार्डी हे मल्ल बंधू. नव्वदच्या दशकाच्या शेवटी केबल पाहून वाढलेल्या ठाण्यातील मुलांना 'हार्डी बॉइझ' ही जोडी कोण, हे सांगावे लागत नाही. रंगवलेले केस, ढगळ विजारी, आणि शिडीच्या शेंड्यावरून खाली निजलेल्या माणसावर घेतलेल्या उड्या. आम्हा दोघा भावांनाही तेच आवडत होते, आणि त्या आवडीपायी पलंगाची एक फळी मोडल्याबद्दल आईच्या हातचा मारही आम्ही समान वाटून घेतला होता. परंतु सव्वीस वर्षांनंतर त्या कॅसेट पाहताना माझे लक्ष उड्यांपेक्षा त्याआधीच्या चार-पाच वर्षांकडे अधिक गेले, आणि ती वर्षे मला जवळजवळ गमवावी लागली असती ती या दुकानाच्या पहिल्या फेरीतील कामामुळे.

आधी सेवेचे स्वरूप सांगतो. व्हीएचएस हा प्रकार १९७६ मध्ये जपानमध्ये आला आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, म्हणजे जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. याचा व्यावहारिक अर्थ असा की आज कोणत्याही दुकानात चालणारे यंत्र जुनेच असते, त्याचे हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, झिजत चाललेले असते आणि नवे हेड मिळवण्यासाठी दुसरे बंद पडलेले यंत्र शोधावे लागते. या दुकानात अशी पाच यंत्रे आहेत. त्यांतील तीन चालतात आणि दोन, मालकांच्या शब्दांत, "अवयवदानासाठी" ठेवली आहेत. कॅसेटची दुसरी शत्रू आपली हवा. ठाण्यातील चार महिन्यांच्या पावसाळ्यात माळ्यावर पडून राहिलेल्या कॅसेटमध्ये फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच यंत्रात घातली तर फीत तर जातेच, शिवाय हेडवर बुरशी बसून पुढच्या ग्राहकाचीही कॅसेट खराब होते. माझ्या अकरांपैकी चार कॅसेटना बुरशी होती. मालकांनी त्या खोलल्या, फीत कोरड्या कापडाच्या गादीवरून हळूहळू फिरवून पुसली आणि प्रत्येक कॅसेटनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड स्वच्छ केले. हे मी समोर बसून पाहिले. या कामात त्यांचा हात किती सफाईचा आहे याबद्दल मला शंका राहिली नाही.

दर तासाला दीडशे रुपये आणि बुरशीच्या कॅसेटला वरती शंभर. माझ्या कॅसेटपैकी काही दादाने पैसे वाचवण्यासाठी एलपी पद्धतीने, म्हणजे निम्म्या वेगाने, मुद्रित केल्या होत्या. तशाने तीन तासांच्या कॅसेटवर सहा तास मावतात आणि चित्राची प्रत तितकीच उतरते. सगळे मिळून पस्तीस तासांचे मुद्रण निघाले आणि बिल ५,६५० रुपये झाले. पावती मिळाली. मुदत पंधरा दिवसांची सांगितली होती, प्रत्यक्षात बावीस लागले. पाऊस होता, वीज जात होती, म्हणून मी ते मनावर घेतले नाही.

पहिल्या फेरीत जे हाती आले ते मात्र निराशाजनक होते. पहिली गोष्ट, जुने चित्र चार बाय तीन या प्रमाणातले असताना ते आजच्या रुंद पडद्यावर बसवण्यासाठी आडवे ताणलेले होते. काटकुळा जेफ हार्डी त्यामुळे एखाद्या सुखवस्तू दुकानदारासारखा दिसत होता आणि मुळातच अवाढव्य असलेल्या ब्रॅडशॉ या मल्लाला पडद्यात जागा पुरत नव्हती. दुसरी गोष्ट, फायली फार दाबलेल्या होत्या. तासाला एक जीबीदेखील भरत नव्हता. या दोन्ही गोष्टी मालकांच्या भाच्याच्या हातून झाल्या होत्या. संगणकाचे काम तो पाहतो, आणि ग्राहक बहुधा मोबाइलवर पाहण्यासाठीच कॅसेट आणतात, असा त्याचा अनुभव आहे. लग्नाच्या कॅसेटसाठी ते कदाचित चालतही असेल.

तिसरी गोष्ट मला सहज लक्षात आली नसती. तिसऱ्या क्रमांकाच्या कॅसेटवर दादाने स्वतःच्या हाताने '२ तास ५० मि.' असे लिहिले होते आणि फाइल होती दोन तास एकतीस मिनिटांची. एकोणीस मिनिटे गेली कुठे, असे विचारल्यावर भाच्याने सरळ सांगितले की जिथे चित्र फार हलते तिथे संगणकाला संकेत मिळत नाही आणि मुद्रण आपोआप थांबते, शिवाय तो भाग पाहून त्याला वाटले की त्यात काही महत्त्वाचे नाही, "कोणी ओळखीचे नव्हते, नुसते एकतर्फी मारत होते."

या एकतर्फी मारण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण हार्डी बंधूंची सुरुवातीची कारकीर्द म्हणजे बव्हंशी तेच आहे. त्या काळात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या साप्ताहिक कार्यक्रमांत नामांकित मल्लाची कुस्ती दुसऱ्या नामांकित मल्लाशी क्वचितच लागे. ती मोठ्या, पैसे देऊन पाहण्याच्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवलेली असे. एरवी त्याच्यासमोर त्या त्या गावाजवळचा एखादा अनोळखी पोरगा उभा केला जाई आणि दोन-तीन मिनिटांत चितपट होई. आपल्याकडे 'नुरा कुस्ती' हा शब्द आहे, परंतु तो इथे पुरतेपणी लागू पडत नाही. नुरा कुस्तीत प्रेक्षकाची फसवणूक असते आणि दोन्ही पैलवानांत आतून साटेलोटे असते. इथे हरणे हेच त्या पोराचे उघड काम आहे, त्याची रोजची मजुरी त्यालाच मिळते, आणि समोरच्याचा डाव भयंकर दिसावा अशा रीतीने पडण्याचे कौशल्य त्याच्याकडे असावे लागते. पडणे नीट जमले नाही तर मान मोडते. पडणे फार नीट जमले तर लोक पाडणाऱ्याला टाळ्या देतात.

मॅट हार्डी अशा कामासाठी टीव्हीवर पहिल्यांदा आला तो २३ मे १९९४ रोजी, निकोलाय व्होल्कॉफविरुद्ध, आणि हरला. जेफ त्याच सुमारास रेझर रॅमन या नामांकित मल्लासमोर उभा राहिला, आणि तोही स्वतःच्या नावाने नव्हे. त्याचे वय सोळा होते. ज्या वयात आपल्याकडे मुलगा दहावीच्या निकालाची वाट पाहतो, त्या वयात हा मुलगा साडेसहा फुटांहून अधिक उंची सांगितल्या जाणाऱ्या माणसाकडून आपटून घेण्यासाठी, वय लपवून, मोटारीने प्रवास करून गेला होता. मॅट तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

दुकानाने दुसऱ्यांदा उतरवून दिलेल्या तिसऱ्या कॅसेटमध्ये, गायब झालेल्या त्या एकोणीस मिनिटांत, हीच कुस्ती होती. दादाने ती मुद्रित केली होती ती रेझर रॅमनसाठी. कॅसेटच्या पाठीवर 'रेझर, अंडरटेकर' एवढेच लिहिलेले आहे, आणि समोरच्या पोराची नोंद करावी असे त्याला वाटण्याचे काही कारण नव्हते. पडद्यावर आलेले नाव हार्डी नव्हते, केस रंगवलेले नव्हते, आणि चित्राच्या तळाशी बर्फासारखा पट्टा सतत सरकत होता. तरीही आपटल्यानंतर उठताना एका खांद्यावर वळून पाहण्याची जी लकब पुढे हजारो वेळा पाहिली, ती तिथे होती. मी ऐरोलीला दादाला फोन करून तो भाग पाठवला. त्याने पाहून एवढेच म्हटले, "म्हणजे आपल्या घरात तो पाच वर्षे आधीपासून होता आणि आपण त्याला ओळखलेच नाही."

या कुस्तीची आणखी एक बाजू आहे, जी पाहताना मला पुन्हा मागे जावेसे वाटले. रेझर रॅमन म्हणजे स्कॉट हॉल. जेफला आपटण्याच्या दोनच महिने आधी, २० मार्च १९९४ रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या दहाव्या रेसलमेनियात, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या वर्षातील सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, तो शॉन मायकल्सबरोबर शिडीची लढत लढून जिंकला होता. विजेतेपदाचा पट्टा छताला टांगलेला, खाली शिडी, आणि जो चढून काढील तो विजयी, असा तो प्रकार. शिडी हे हत्यार म्हणून, उडीची जागा म्हणून आणि नाट्य म्हणून कसे वापरता येते हे बहुतेक प्रेक्षकांना त्या लढतीने शिकवले. त्याच शिडीने साडेपाच वर्षांनी हार्डींचे नाव केले. गुरू आणि शिष्य असे काही त्यांच्यात नव्हते. एकाची ती रोजची तीन मिनिटे होती आणि दुसऱ्याची पहिली. भाच्याला ज्या भागात काही महत्त्वाचे दिसले नाही, तो भाग हा होता. मी त्याला हे समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले, पण त्याला ते पटले असावे असे मला वाटत नाही, आणि पस्तीस तासांचे दुसऱ्याचे मुद्रण पाहणाऱ्या माणसाकडून तशी अपेक्षाही करू नये. माझी अपेक्षा इतकीच की काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा निर्णय त्याने घेऊ नये. ही सेवा वापरणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे की काम देताना 'काहीही कापू नये' असे पावतीवर लिहून घ्यावे आणि प्रत्येक फाइलची लांबी कॅसेटशी ताडून पाहावी.

१९९४ ते १९९८ या चार वर्षांतील हार्डी माझ्या कॅसेटवर आणखी दोनदाच आहेत, दोन्ही वेळा जोडीने आणि दोन्ही वेळा हरताना. मधल्या काळात ते डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये अधूनमधून येत आणि उरलेला काळ उत्तर कॅरोलिना राज्यात स्वतःची कुस्ती उभी करत. कॅमरन हे त्यांचे गाव लहानसे आहे. आई कर्करोगाने गेली तेव्हा जेफ शाळकरी वयाचा होता. वडिलांनी दोघांना वाढवले. घरामागच्या ट्रॅम्पोलिनवर मित्रांना जमवून त्यांनी 'ट्रॅम्पोलिन रेसलिंग फेडरेशन' नावाचा खेळ मांडला, आणि हा खेळ पुढे जिल्ह्याच्या जत्रांपर्यंत गेला. आपल्याकडे गावजत्रेत मोठ्या निकाली कुस्तीआधी रेवड्यांवर आणि नारळावर पोरांच्या कुस्त्या लावतात. त्याच वकुबाचा तो प्रकार असावा, फक्त लाल मातीऐवजी दोरांचे रिंगण. डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या मोठ्या संस्थेच्या हौशी स्पर्धेसाठी मॅटने 'हाय व्होल्टेज' या नावाने स्वतःची कॅसेट पाठवली होती. थोड्याच दिवसांत त्याच नावाची एक जोडी डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये उतरली आणि मॅटला 'सर्ज' असे दुसरे नाव घ्यावे लागले. त्यामागे काय होते याच्या चर्चेत मी शिरत नाही. पण एका तरुणाची कॅसेट कोणाच्या तरी टेबलावर पोहोचली होती, हे कॅसेटविषयीच्या लेखात नोंदवण्याजोगे आहे.

१९९७ मध्ये मॅटने थॉमस सिम्पसनबरोबर 'ओमेगा' ही छोटी संस्था काढली. 'ऑर्गनायझेशन ऑफ मॉडर्न एक्स्ट्रीम ग्रॅपलिंग आर्ट्स' हे तिचे लांबलचक नाव वाचून हसू येते, पण त्या नावातला आव तेवढा सोडला तर बाकी सगळे कष्टाचे होते. रिंग उभारणे, जाहिराती लावणे, कुस्त्यांची जुळणी करणे, आणि स्वतःबरोबर इतरांचेही पोशाख शिवणे ही कामे मॅट करत असे. शॅनन मूर, ग्रेगरी हेल्म्स असे पुढे नावारूपाला आलेले मल्ल तिथूनच आले. जेफ तिथे तोंडावर मुखवटा घालून 'विलो द विस्प' या नावानेही लढत असे. त्या लढती माझ्याकडे नाहीत, आणि ठाण्यातील केबलवाल्याकडून त्या मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तरी हार्डींना समजून घ्यायचे असेल तर मधल्या रिकाम्या जागेत त्या आहेत असे धरूनच सहाव्या कॅसेटकडे जावे लागते. नाहीतर १९९४ मध्ये निमूटपणे मार खाणारी पोरे १९९९ मध्ये एवढी तयार कुठून झाली, याचा उलगडा होत नाही.

१९९८ मध्ये त्यांना डब्ल्यूडब्ल्यूएफचा पूर्णवेळ करार मिळाला आणि डोरी फंक ज्युनिअर यांच्या तालमीत त्यांना घडवण्यात आले. फंक स्वतः माजी विश्वविजेते आणि टेरी फंकचे थोरले भाऊ, म्हणजे भावाबरोबर जोडीने कसे लढावे हे जाणणारे वस्ताद. १९९९ मध्ये मायकेल हेज हा जुना मल्ल त्यांचा व्यवस्थापक झाला, आणि त्याच उन्हाळ्यात, आपल्याच राज्यातील फेटविल येथे, फारूक आणि ब्रॅडशॉ यांच्या 'अ‍ॅकोलाइट्स' जोडीला हरवून त्यांनी जोडीचे पहिले विजेतेपद घेतले. जुलै संपण्याआधीच ते गेलेही. ही लढत सहाव्या कॅसेटवर आहे आणि तिचे रूपांतर उत्तम झाले आहे. एसपी, म्हणजे नेहमीच्या वेगाने मुद्रित केलेली, बुरशी नसलेली कॅसेट होती. तिथे दुकानाची परीक्षा फारशी नव्हती.

परीक्षा होती ती आठव्या कॅसेटची. तिच्यावर १७ ऑक्टोबर १९९९ रोजी क्लीव्हलंडमध्ये झालेल्या 'नो मर्सी' या कार्यक्रमातील हार्डी विरुद्ध एज आणि ख्रिश्चन या जोड्यांची शिडीची लढत आहे. पाच लढतींच्या मालिकेतील ती पाचवी आणि निर्णायक. बक्षीस एक लाख डॉलर आणि टेरी रनेल्स या व्यवस्थापिकेची साथ. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये जोड्यांची शिडीची लढत त्याआधी झालेली नव्हती. चारही मल्ल तरुण होते, आणि चौघांनाही ठाऊक होते की लोक आपल्याला अजून कोणा ना कोणाचे पट्टशिष्य म्हणूनच ओळखतात. एका शिडीवर दुसरी आडवी टाकून तिचा सी-सॉ करणे आणि एका टोकावर जेफने उडी घेताच दुसरे टोक उसळून प्रतिस्पर्ध्यांच्या तोंडावर बसणे, हा प्रसंग आजही पाहताना अंग आक्रसते. शेवटी हार्डी जिंकले, पण त्या रात्री प्रेक्षकांनी चौघांनाही उचलून धरले.

आता ही लढत संगणकावर उतरवताना काय होते ते पाहा. आपल्याकडील 'पाल' या प्रक्षेपण पद्धतीत टीव्हीचे चित्र सेकंदाला पंचवीस असते, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींनी, येते. म्हणजे डोळ्याला सेकंदाला पन्नास वेळा हालचाल दिसते. भाच्याने पहिल्या फेरीत हे दोन अर्धे भाग एकत्र मिसळून पंचवीस चित्रे केली होती. बसून बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत यात काही बिघडत नाही. परंतु दहा फूट उंचीवरून खाली येणाऱ्या देहाला जमिनीपर्यंत पोहोचायला सुमारे पाऊण सेकंद लागतो. त्या पाऊण सेकंदात पन्नासच्या हिशेबाने जवळजवळ चाळीस क्षण मिळतात आणि पंचवीसच्या हिशेबाने वीसच, तेही एकमेकांत मिसळलेले, प्रत्येकात एक जेफ आणि त्याच्या बाजूला त्याचे भूत. या माणसाची सगळी कला त्या पाऊण सेकंदात आहे. अंग कधी वळते, पाठ कधी गोल होते, आणि खाली पडलेल्या गड्याला इजा होऊ नये म्हणून शेवटच्या क्षणी भार कुठे टाकला जातो, हे पाहायचे असेल तर चाळीस क्षण हवेत.

हे मी मालकांना सांगितले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. ते स्वतः शूटिंगमधले असल्यामुळे त्यांना ताबडतोब कळले, आणि त्यांनी भाच्याला बाजूला सारून दोन दिवस स्वतः बसून काम केले. हलणाऱ्या चित्रामुळे मुद्रण थांबू नये म्हणून व्हीसीआर आणि संगणक यांच्या मध्ये त्यांनी एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला. तो संकेत सावरून पुढे पाठवतो. पन्नास चित्रांच्या हिशेबाने, मूळ प्रमाणात, न ताणता, तासाला साधारण साडेतीन जीबी अशा फायली त्यांनी माझ्या हार्ड डिस्कवर भरल्या. या दुसऱ्या फेरीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी देऊ केले होते. "पहिल्यांदाच नीट व्हायला हवे होते," एवढे म्हणून त्यांनी विषय संपवला.

दुसऱ्या फेरीनंतरही उड्यांमध्ये किंचित भूत राहिले आहे, पण तो दोष दुकानाचा नाही. अमेरिकेतील चित्र सेकंदाला तीसच्या पद्धतीचे, आपले पंचवीसचे. प्रक्षेपणापूर्वी एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना ती मिसळ आधीच होऊन आलेली होती. जे फितीवर नाही ते कोणीही काढू शकत नाही, हे मालकांनी मला आपणहून सांगितले. असे काम करणारे काही जण हल्ली संगणकाकडून चेहरे 'सुधारून' देतात, तसे त्यांनी केले नाही, याचे मला विशेष वाटते. मॅट हार्डीच्या कपाळावरचे रक्त गुळगुळीत होऊन मिळाले असते तर मी ती फाइल घेतली नसती.

नवव्या आणि दहाव्या कॅसेटविषयी फार लिहिण्याची गरज नाही. २३ जानेवारी २००० रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डडली बंधूंविरुद्ध झालेली टेबलांची लढत, २ एप्रिल २००० रोजी अनाहाइममधील तीन जोड्यांची शिडीची लढत, आणि ऑगस्टमध्ये उत्तर कॅरोलिनातील रॅली शहरात झालेली टेबल-शिडी-खुर्च्यांची पहिली लढत या तिन्ही तिथे आहेत. शेवटच्या दोन एज आणि ख्रिश्चनने जिंकल्या, म्हणजे नाव झाल्यावरही हार्डींच्या वाट्याला हरणे होतेच, फक्त आता त्याला मोल होते. पण या लढती कुठेही, याहून कितीतरी स्वच्छ प्रतीत, पाहता येतात. त्यांच्यासाठी कोणी तासाला दीडशे रुपये खर्च करू नयेत. माझ्या प्रतीत त्यांच्या मधोमध आमच्या केबलवाल्याने चालवलेली पट्टी आहे, आणि तिच्यात घंटाळी परिसरातील एका शिकवणी वर्गाची जाहिरात सरकत जाते. हे मला हवे होते, दुसऱ्या कोणाला का हवे असेल?

आवाजाबाबत तक्रार शिल्लक आहे. एलपी कॅसेटवरील आवाज फितीच्या कडेच्या अरुंद पट्टीवर मुद्रित झालेला असतो आणि बुरशीही कडेलाच धरते. त्यामुळे चौथ्या आणि सातव्या कॅसेटवर जिम रॉस यांचे समालोचन विहिरीतून आल्यासारखे ऐकू येते. मालकांनी खरखर कमी करण्याचा प्रयत्न केला, पण त्यात प्रेक्षकांचा गलकाही कमी झाला, म्हणून मी खरखरीची प्रतच ठेवून घेतली. दोन्ही प्रती ऐकवून निवड माझ्यावर सोडली हे योग्य केले.

दुकानात बसायला एकच खुर्ची आहे आणि ती बहुधा कॅसेटच्या ढिगाने भरलेली असते. दुचाकी लावायला जागा नाही; स्टेशनकडून चालत जाणे उत्तम. दुपारी दोन ते साडेचार दुकान बंद असते आणि फोन उचलला जात नाही. भाचा कामाला वाईट नाही, परंतु त्याला काम देण्यापूर्वी चित्राचे प्रमाण, सेकंदाला चित्रे किती आणि फाइलचा आकार या तीन गोष्टी लिहून द्याव्यात, आणि पहिली एक कॅसेट तपासून झाल्यावरच उरलेल्या द्याव्यात. लग्नाची एखादी कॅसेट असलेल्यांना एवढ्या तपशिलाची गरज पडणार नाही. हालचाल हाच ज्यांच्या मुद्रणाचा प्राण आहे, म्हणजे कुस्ती, कबड्डी, भरतनाट्यम, दहीहंडी, त्यांनी मात्र मालकांशीच बोलावे.

माझ्या मुंजीची कॅसेट अजून तिथेच आहे. मातृभोजनाच्या जागी, जिथे दादाने मुद्रण सुरू केले होते, तिथेच फीत तुटली. दोन्ही टोके जोडण्यासाठी लागणारी पातळ चिकटपट्टी मालकांकडे संपली आहे आणि ती मुंबईहून मागवली आहे असे त्यांनी सांगितले. जोडताना दोन्हीकडून थोडी फीत कापावी लागेल. कोणत्या बाजूने अधिक कापू, असे त्यांनी परवा फोन करून विचारले. मी दादाला विचारून सांगतो म्हणालो.